अपवादाची नोंद : टिफ्रॅक ते परम – आज्ञावलीतील दोषनोंदीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे मराठीतील लेखन बहुतांशी यंत्रांच्या पिढ्यांच्या क्रमाने झालेले आढळते. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडल, सूक्ष्मप्रक्रियक हा क्रम पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला आहे. या मांडणीतून यंत्र कधी तयार झाले, ते किती वेगवान होते आणि त्याचे नामकरण कोणी केले हे समजते. ते यंत्र कोठे आणि का अडखळत होते, आणि अडखळल्याची नोंद कोण ठेवत होते, हे समजत नाही. वस्तुतः संगणकावर काम करणाऱ्यांचा मोठा वेळ याच अडखळण्याशी झुंजण्यात गेला आहे.

आज्ञावली चालू असताना तिला ठरलेल्या क्रमाने पुढे जाणे अशक्य व्हावे अशी स्थिती उद्भवते. शून्याने भागाकार करण्याची आज्ञा येते, स्मृतीतील अस्तित्वात नसलेला पत्ता मागितला जातो, किंवा उत्तर ठरलेल्या अंकसंख्येत मावत नाही. अशा स्थितीस ‘अपवाद’ अर्थात एक्सेप्शन म्हणतात. आज्ञावलीतील दोष शोधण्याच्या कामास डीबगिंग आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास डीबगर ही नावे मराठीतही स्थिरावली आहेत. तपासणीखाली असलेल्या आज्ञावलीत अपवाद कधी, कोठे व कोणत्या अवस्थेत घडला याचे टिपण ठेवणे हा या कामाचा गाभा होय.

मराठी दफ्तरव्यवहारास ही कल्पना परकी नाही. हजेरीपट असो वा पहाणीपत्रक, जे ठरलेल्या रकान्यांत बसत नाही ते ‘शेरा’ या रकान्यात जाते. जुने दफ्तर चाळणाऱ्या अभ्यासकाची नजर प्रथम शेऱ्याकडेच वळते, कारण व्यवस्थेने गृहीत न धरलेली गोष्ट तेथे सापडते. अपवादाची नोंद हा संगणकाच्या दफ्तरातील शेरा आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तिचाही विचार ऐतिहासिक साधन म्हणून झाला पाहिजे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, अशा नोंदीची गरज केवळ यंत्राच्या वाढत्या गुंतागुंतीमुळे निर्माण झाली नाही. आज्ञावली लिहिणारी व्यक्ती यंत्रापासून दूर जाऊ लागली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने निर्माण झाली. महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या यंत्रांच्या आधारे हा प्रवास येथे तपासला आहे.

हाताने लिहिलेली नोंद

या विषयाची चर्चा बहुधा एका पतंगापासून सुरू होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग काढून तो नोंदवहीत चिकटवण्यात आला. ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ‘बग’ हा शब्द या घटनेतून जन्मला अशी समजूत आपल्याकडील पुस्तकांतही वारंवार दिसते. ती चुकीची आहे. यंत्रातील दोष या अर्थाने हा शब्द एडिसनने १८७८ मध्येच वापरला होता. ग्रेस हॉपर यांनी ही हकिकत पुढे लोकप्रिय केली, इतकेच. इतिहासाच्या दृष्टीने त्या पानाचे महत्त्व शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा वेगळे आहे. त्या पानावर वेळ आहे, यंत्राचा कोणता भाग बिघडला हे आहे आणि पुरावाही जोडलेला आहे. अपवादाच्या नोंदीला लागणारे घटक तेथे हाताने एकत्र आणलेले दिसतात.

पतंगाचा दोष यंत्राचा होता, आज्ञावलीचा नव्हता. आज्ञावलीतील दोषांची पद्धतशीर चर्चा केंब्रिज येथील एडसॅक या यंत्राभोवती सुरू झाली. त्यावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. त्याच वर्षी मॉरिस विल्क्स यांनी लिहिलेल्या एका आज्ञावलीची छिद्रित फीत पुढे उपलब्ध झाली आणि मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी १९९२ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १२६ ओळींच्या त्या आज्ञावलीत सुमारे २० चुका आढळल्या. शुद्ध करून घेतलेली फीत उरली असती तर हा इतिहास लिहिताच आला नसता.

एडसॅकवर स्टॅन्ली गिल यांनी जी पद्धत बसवली आणि १९५१ मध्ये शोधनिबंधातून मांडली, ती आजच्या डीबगरची पूर्वज मानता येते. मूळ आज्ञावली थेट न चालवता दुसऱ्या एका आज्ञावलीच्या देखरेखीखाली एकेक आज्ञा पार पाडायची आणि प्रत्येक टप्प्याचे निवडक टिपण छापत जायचे, असे तिचे स्वरूप होते. याखेरीज यंत्र थांबल्यावर स्मृतीतील ठरावीक भाग छापून देणाऱ्या छोट्या आज्ञावली होत्या. त्यांना ‘पोस्टमॉर्टेम’ हेच नाव होते. यंत्रासमोर बसून दिव्यांच्या उघडझापीवरून दोष ओळखण्यात यंत्राचा वेळ फुकट जाई. यंत्र एक आणि वापरणारे अनेक असल्यामुळे तेथून उठा, छापील टिपण घ्या व टेबलाशी बसून विचार करा, असा दंडक आला. नोंदीचा उगम असा यंत्राच्या टंचाईत आहे.

टिफ्रॅक : दोष कोणाचा?

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे झाली. नेमक्या त्याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक पूर्ण आकाराचा संगणक आकारास येत होता. डॉ. होमी भाभा यांच्या पाठबळाने आणि आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५४ च्या सुमारास हे काम सुरू झाले. प्रथम एक पथदर्शी यंत्र उभारले गेले, नंतर मोठे यंत्र १९५९ मध्ये तयार झाले व फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कार्यान्वित झाले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक त्यात होते. फेराइट कड्यांच्या स्मृतीची क्षमता वाढवत नेल्यावर ती २,०४८ शब्दांची झाली. प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता.

हे आकडे अनेकदा उद्धृत होतात, परंतु दोषनोंदीच्या दृष्टीने ते क्वचितच वाचले जातात. हजारो नलिका असलेल्या यंत्रात एखादी नलिका क्षीण होणे ही नित्याची बाब असते. अशा यंत्राने चुकीचे उत्तर दिले तर पहिला प्रश्न ‘चूक कोठे आहे’ असा नसून ‘चूक कोणाची आहे’ असा असतो. दोष विद्युतमंडलाचा, छिद्रित फितीचा की गणित मांडणाऱ्याचा? यंत्र बांधणारे आणि वापरणारे एकाच इमारतीत वावरत असताना हा वाद तोंडी मिटवता येत असे. ज्ञात उत्तराची एखादी चाचणी-आज्ञावली चालवायची आणि ती बरोबर उतरली तर दोष वापरणाऱ्याच्या पदरात टाकायचा, ही त्या पिढीच्या यंत्रांची सार्वत्रिक रीत होती.

स्मृतीचे संपूर्ण टिपण घेणे हा मार्ग तेव्हा किती खर्चिक होता हे साध्या हिशेबाने दिसते. ४० द्विमान अंकांचा शब्द षोडशमान पद्धतीने लिहिला तर १० चिन्हे लागतात. २,०४८ शब्दांची २०,४८० चिन्हे होतात. सेकंदास १० चिन्हे छापणाऱ्या दूरमुद्रकावर, मधल्या रिकाम्या जागा न धरताही, त्यास ३४ मिनिटे लागतील. देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके संगणक असताना अपवादाच्या एका टिपणासाठी यंत्राचा अर्धा तास खर्च करणे ही चैनच म्हणावी लागेल. म्हणून नोंद निवडकच ठेवली जाई. आणि काय निवडायचे हे दोष कोठे असावा याविषयीच्या पूर्वग्रहावर अवलंबून राही. साधनचिकित्सेच्या विद्यार्थ्यास हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

टिफ्रॅकविषयीच्या प्रचलित लेखनात कार्यान्वयन आणि नामकरण हे दोन सोहळे ठळक आहेत. त्या दोन तारखांच्या दरम्यान आणि नंतर १९६४-६५ पर्यंत यंत्र कसे चालले, किती वेळा थांबले, कोणत्या गणितांवर अडले हा खरा कार्येतिहास मात्र त्या लेखनात दुय्यम राहिला आहे. भारताने संगणक बांधला हे सिद्ध करण्याची निकड असलेल्या पिढीने असे लेखन करणे स्वाभाविक होते. आज ती निकड उरलेली नाही.

अनुपस्थित लेखक

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन बनावटीचा संगणक बसवण्यात आला. संस्थेबाहेरच्या अनेक शास्त्रज्ञांना व संस्थांना तो वापरता येऊ लागला. येथे परिस्थिती मुळातून पालटली. वापरणाऱ्याने पत्त्यांची चळत द्यायची, ती इतर चळतींसोबत क्रमाने चालवली जायची आणि छापील कागद नंतर हाती यायचे. दोष घडला त्या क्षणी आज्ञावलीचा लेखक तेथे नसे. यंत्रासमोर साक्षीदार नसल्यामुळे यंत्रालाच साक्ष द्यावी लागली.

यंत्राने स्वतः दोष ओळखण्याची सोय यापूर्वीच आली होती. १९५१ च्या युनिव्हॅकमध्ये बेरजेचे उत्तर मावले नाही तर नियंत्रण एका ठरावीक पत्त्यावरील दुरुस्तीच्या आज्ञांकडे वळवता येत असे. सीडीसी ३६०० च्या पिढीत भागाकारातील दोष, घातांकाचा अतिरेक अशा प्रकारांसाठी स्वतंत्र व्यत्ययसंकेत होते. संकेत उमटला की नियंत्रक आज्ञावली हस्तक्षेप करी आणि स्मृतीचे टिपण छापून देई. फेराइट कड्यांच्या म्हणजे ‘कोअर’ स्मृतीवरून अशा टिपणास ‘कोअर डंप’ म्हणत. ती स्मृती नाहीशी होऊन दशके लोटली तरी नाव कायम आहे.

या टिपणाचा आकार पाहण्यासारखा आहे. ३२,७६८ शब्दांचा एक स्मृतिसंच एका ओळीत ४ शब्द आणि एका पानावर ६० ओळी या प्रमाणात छापला तर जवळपास १३७ पाने होतात. छपाई वेगवान झाल्यामुळे ते शक्य झाले, पण वाचणाऱ्याचे डोळे तेच राहिले. नोंद अपुरी असण्याची अडचण संपली आणि नोंद अतोनात असण्याची सुरू झाली.

डीबगरला मिळणारी पहिली संधी

पडद्यासमोर बसून संवाद साधता येणारी यंत्रे आली तेव्हा लेखक यंत्रासमोर परत आला. मात्र आता त्याच्या आणि चालू आज्ञावलीच्या मध्ये डीबगर उभा होता. डीबगर स्वतःच अपवादांच्या आधाराने काम करतो, ही गोष्ट अध्यापनात बहुधा सुटते. १९७८ मध्ये आलेल्या इंटेल ८०८६ या प्रक्रियकात शून्याने भागाकारासाठी ० क्रमांकाचा, एकेक आज्ञा थांबत चालवण्यासाठी १ क्रमांकाचा आणि थांब्यासाठी ३ क्रमांकाचा व्यत्यय राखून ठेवलेला आहे. दोष आणि दोष शोधण्यासाठी मुद्दाम घातलेला थांबा हे प्रक्रियकाच्या दृष्टीने एकाच जातीचे प्रसंग होत. युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ ही सोय आली. तिच्यामुळे एक प्रक्रिया दुसरीवर देखरेख ठेवू शकली आणि देखरेखीखालील प्रक्रियेस संकेत मिळताच ती थांबवून तिची अवस्था वाचू शकली.

भाषांच्या बाजूने याच काळात वेगळा विचार चालू होता. पीएल/वन या भाषेने १९६० च्या दशकातच अपवादस्थितीसाठी स्वतंत्र आज्ञा दिल्या होत्या. जॉन गुडइनफ यांच्या १९७५ च्या निबंधाने अपवाद हाताळण्याच्या प्रश्नाची तात्त्विक मांडणी केली. पुढे सी++ व जावा या भाषांमुळे ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ हे शब्द प्रत्येक अभ्यासक्रमात पोहोचले. परिणामी आज्ञावली आपला अपवाद स्वतःच पकडून पुढे चालू लागली. ही सोय मोठीच, पण तिने नोंदीपुढे नवा पेच उभा केला. पकडलेला अपवाद बाहेर कोणालाच दिसत नाही. ‘कॅच’चा कंस रिकामा सोडला तर प्रसंग घडल्याचा मागमूसही उरत नाही.

१९९३ च्या विंडोज एनटी प्रणालीने यावर योजलेला उपाय मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. तपासणीखालील आज्ञावलीत अपवाद उद्भवला की त्याची वार्ता सर्वप्रथम डीबगरला दिली जाते. यास ‘पहिली संधी’ म्हणतात. डीबगरने तो सोडून दिला तर आज्ञावलीतील हाताळणाऱ्या भागांचा शोध घेतला जातो. कोणीच तो स्वीकारला नाही तर डीबगरला ‘दुसरी संधी’ मिळते आणि त्यानंतर आज्ञावली संपुष्टात येते. अपवादाचा प्रकार, पत्ता आणि त्या क्षणीची प्रक्रियकाची अवस्था असे सर्व त्या वार्तेसोबत येते. पहिल्या संधीचे मोल अधिक आहे, कारण तेव्हा कोणत्या कार्याने कोणास बोलावले याची साखळी शाबूत असते. अपवाद आज्ञावलीत पकडला जाऊन पुढची पावले पडली की ती साखळी उलगडून टाकली जाते.

पहिल्या संधीची नोंद ठेवणारा सर्व अपवाद पाहतो आणि दुसऱ्या संधीची ठेवणारा केवळ प्राणघातक अपवाद पाहतो. एकाच आज्ञावलीचे हे दोन भिन्न इतिहास होत. गावाचा इतिहास फक्त फौजदारी खटल्यांच्या कागदांवरून लिहावा तसा दुसरा प्रकार आहे. ज्या तंट्यांची बोळवण पारावरच झाली त्यांचा त्यात ठाव लागत नाही. पहिल्या प्रकारात उलट दोष आहे. निरुपद्रवी, अपेक्षित अपवादांची इतकी गर्दी होते की महत्त्वाचा एक त्यात हरवतो. व्यवहारात म्हणून नोंद सर्वांची घ्यावी, पण प्रकारानुसार वेगळी लावावी आणि थांबावे मोजक्यांवरच, हाच मार्ग ग्राह्य वाटतो.

परम : अनेक साक्षीदार

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना १९८८ मध्ये झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये सादर झाला. इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रक्रियकांचे ६४ घटक एकत्र जोडून तो उभारला होता. या यंत्राविषयी लिहिताना देशाभिमानाचा सूर लागतो आणि तो गैर नाही. मात्र दोषनोंदीच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळ्याच कारणाने आहे. एकाच गणितावर ६४ प्रक्रियक काम करत असताना एकात अपवाद घडला, तर नोंद कोणाची घ्यायची?

ट्रान्सप्युटरच्या रचनाकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. प्रत्येक प्रक्रियकात दोष घडल्याचे दर्शवणारी एक खूण होती आणि ती उमटताच थांबावे की नाही हे ठरवणारी दुसरी. दोषाचा संकेत बाहेर नेणारा स्वतंत्र खिळा होता, तसेच ‘अ‍ॅनलाइज’ या नावाचा आणखी एक होता. तो वापरला की प्रक्रियक थांबे, पण स्मृती तशीच राही. शेजाऱ्याशी जोडणाऱ्या दुव्यावरून ती मग वाचता येई. ट्रान्सप्युटरसाठी घडवलेल्या ऑकम या भाषेत दोषाच्या प्रसंगी सर्व काही थांबवावे किंवा केवळ दोषी प्रक्रिया थांबवावी, असे पर्याय होते. दुसऱ्या पर्यायात इतर प्रक्रिया चालू राहत आणि थांबलेल्या सोबत्याच्या निरोपाची वाट पाहत एकामागून एक खोळंबत.

अशा खोळंब्यातून मूळ दोष ओळखणे कठीण असते. प्रत्येक प्रक्रियकाचे घड्याळ स्वतंत्र असल्यामुळे दोन नोंदींतील आधीची कोणती हे वेळेवरून निश्चित होत नाही. कोणता निरोप कोणत्या निरोपानंतरच येऊ शकतो यावरून क्रम लावावा लागतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये हा विचार सिद्धान्तरूपाने मांडला होता. मितीविरहित पत्रांचा कालक्रम एका पत्रातील दुसऱ्याच्या उल्लेखावरून लावणारा मराठेशाहीचा अभ्यासक याहून निराळे काही करत नाही. त्यात भर अशी की, नोंद घेण्याच्या क्रियेमुळे वेळेचे गणित बदलते आणि कधी कधी दोषच दिसेनासा होतो. अशा दोषास ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ च्या अहवालामुळे ही संज्ञा रुळली.

नोंद आणि निरोप यांची गल्लत

नोंद कोठे पाठवावी हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी दिशादर्शक संगणकात ६४ अंकी दशांशसंख्येचे १६ अंकी पूर्णांकात रूपांतर करताना अपवाद घडला. ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या त्यात मावणे शक्य नव्हते. संबंधित सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते आणि तिघांना नव्हते. प्रक्रियकावरील भार मर्यादित ठेवणे हे त्यामागचे एक कारण होते. राखीव संगणकातही तीच आज्ञावली होती, त्यामुळे तो क्षणभर आधी त्याच अपवादाने बंद पडला होता. दिशादर्शक संगणकाने नियमाप्रमाणे दोषाची माहिती वाहिनीवर पाठवली आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून इंजिनांची तोंडे वळवली. झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९ जुलै १९९६ रोजी दिलेल्या अहवालात हे सविस्तर नमूद आहे. नियमात दुसरी तरतूदही होती. अपवादाचा संदर्भ कायमस्वरूपी स्मृतीत लिहून ठेवायचा. अवशेषांतून ती स्मृती मिळाली, वाचली गेली आणि अनुमानांची खातरजमा झाली.

प्रयोगवहीतील मौन

महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. छत्रपती संभाजीनगर व परिसरातील महाविद्यालये असोत की राज्यातील अन्य, प्रयोगवहीचा साचा सर्वत्र सारखाच आहे. उद्देश, आज्ञावली, निष्पत्ती आणि शिक्षकांची सही. टर्बो सीच्या काळात शून्याने भागले की पडद्यावर ‘डिव्हाइड एरर’ उमटे आणि आज्ञावली बंद पडे. विद्यार्थी ती ओळ पुसून, दुरुस्ती करून, स्वच्छ निष्पत्तीच तेवढी वहीत उतरवी. नवी साधने आली, पडद्यावर अपवादाची संपूर्ण साखळी दिसू लागली, तरी वहीत जाते ती निष्पत्तीच. इतिहासाचे अध्यापक पाठभेद नोंदवल्याशिवाय संहिता छापू देत नाहीत. रसायनशास्त्राच्या वहीत फसलेले अनुमापनही वाचनांच्या तक्त्यात राहते. संगणकाच्या वहीत मात्र एकदाही न अडखळलेली आज्ञावलीच आढळते, आणि तशी आज्ञावली प्रत्यक्षात क्वचितच लिहिली गेली असेल.

अशी वही तपासताना ती स्वतः लिहिलेली की शेजाऱ्याची उतरवलेली हे ओळखण्यास शिक्षकाकडे आधार नसतो. अपवादाचा प्रकार, तो जेथे घडला ती ओळ, त्या वेळची चलांची मूल्ये आणि केलेला बदल एवढ्या चार गोष्टींना अर्धे पान पुरते. दोन विद्यार्थ्यांची निष्पत्ती तंतोतंत जुळू शकते. त्यांचे अपवाद सहसा जुळत नाहीत.